सत्तावीसपट मजबूत शीट आठ महिन्यांत झोळ कशी खाते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना, ते कळेल. स्टीलचे रॅक गंजायचे म्हणून रसायनांच्या बाटल्यांसाठी तुम्ही पॉलीप्रॉपिलीनचे रॅक केले. शीट २० मिमी जाड, ४०० मिमी रुंद, दोन टेकूंमध्ये ८०० मिमी अंतर. शीटचं स्वतःचं वजन धरून भार ३० किलो, सगळीकडे सारखा पसरलेला. डेटाशीटमधला मॉड्युलस (मालाच्या कडकपणाचं माप) १४०० मेगापास्कल घेऊन तुम्ही गणित केलं, मधोमध ५ मिमी झोळ निघाला. स्ट्रेस (मालाच्या आतला ताण) निघाला १.१ मेगापास्कल, यील्ड (ज्या ताणाला माल कायमचा वाकायला लागतो तो) ३० च्या आसपास, म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी, सुरक्षेची पट, २७. खात्री करायला दुप्पट वजन तासभर ठेवून पाहिलं, काढल्यावर शीट जवळजवळ सरळ झाली. मग बाटल्या मांडल्या. तासाभराने ६ मिमी, महिन्याने १४, आणि आज आठ महिन्यांनी १९. तुम्ही विचारताय की माल खोटा आला का, हे थांबणार कधी, शीट तुटेल का, आणि उलटी करून टाकली तर चालेल का. शिवाय तुमचे सहकारी म्हणतात की धातू वापरला असता तर हा प्रश्नच आला नसता, ते कितपत खरं.

माल खोटा नाही. तुमचं गणितही चुकलेलं नाही, फक्त ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. डेटाशीटमधला १४०० हा आकडा कसा काढतात ते बघा. नमुना यंत्राच्या जबड्यात धरतात, हळूहळू ताणतात, आणि स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानाने झालेली वाढ) ०.०५ टक्क्यांवरून ०.२५ टक्क्यांवर जाईपर्यंत आलेखाचा जो उतार मिळतो तो मॉड्युलस. एवढं व्हायला मिनिटसुद्धा लागत नाही. म्हणजे तुम्हाला मिळालं ते मिनिटभराच्या मॉड्युलसवर काढलेलं मिनिटभराचं उत्तर. बाटल्या मात्र आठ महिने तिथेच बसून आहेत. भार तोच, पण दिवसागणिक आकार बदलत जातो, यालाच क्रीप म्हणतात. कोणी मला प्लॅस्टिकचा मॉड्युलस विचारला की मी उलट विचारतो: किती वेळाचा, आणि किती तापमानाचा?

हे मला कुणी वर्गात शिकवलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी आम्लाच्या वाफा खेचणारं पॉलीप्रॉपिलीनचं डक्ट काढलं होतं, आणि टेकू दिले स्टीलच्या डक्टला देतात तसे, दर तीन मीटरवर. बसवताना दोरी धरून पाहिलं, एकदम सरळ. वर्षभराने तिथल्या फिटरने बोलावलं आणि काही न बोलता डक्टला खालून हाताने थाप मारली. आतून खळखळ आवाज आला. दोन टेकूंच्या मध्ये डक्ट हळूहळू खाली बसलं होतं, त्या खोलगट जागेत वाफेचं पाणी साचत होतं, पाण्याच्या वजनाने ते आणखी बसत होतं, आणि मग आणखी पाणी साचत होतं. तुटलं काहीच नव्हतं. स्ट्रेसचा हिशोब आजही बरोबर निघेल. टेकू मात्र दुप्पट करावे लागले, आणि खालच्या प्रत्येक फुग्याला निचऱ्याची तोटी.

असं का होतं? पॉलीप्रॉपिलीनमध्ये लांब साखळ्यांचे काही भाग शिस्तीत रचलेले असतात आणि काही गुंत्यासारखे. गुंत्यातल्या साखळ्या शून्य अंशाच्या आसपास किंवा त्याखालीच गोठतात. म्हणजे खोलीच्या तापमानाला त्या चांगल्याच मोकळ्या असतात. भार पडला की त्या लगेच ताणल्या जातात, तो तुमचा पहिला ५-६ मिमी. नंतर एकमेकींतून सरकत सरकत जागा शोधतात. सोप्या जागा आधी भरतात आणि उरतात त्या अवघड, म्हणून वेग सतत कमी होत जातो. पण शून्य होत नाही.

आता 'हे थांबणार कधी' हा प्रश्न. कॅलेंडर बाजूला ठेवा आणि वेळ दहापटींत मोजा: १ तास, १० तास, १०० तास, १००० तास. तुमची तीन मापं मी लॉग कागदावर (ज्यावर प्रत्येक दहापटीला सारखंच अंतर असतं) टाकून पाहिली, जवळजवळ सरळ रेषा येते. प्रत्येक दहापटीला झोळ सुमारे १.३६ पट होतोय. १ तासाला ६, १० तासांना ८, १०० तासांना ११, १००० तासांना १५, आणि आज ५८०० तासांना १९. पुढची दहापट आहे ५८,००० तास, म्हणजे साडेसहा वर्षं. तेव्हा झोळ असेल साधारण २६ मिमी. पहिल्या महिन्यात ८ मिमी वाढलेली शीट आता पुढचे ७ मिमी वाढायला सहा वर्षं घेणार आहे. तेव्हा थांबत नाही हे खरं, आणि धावत सुटलेली नाही हेही खरं. हीच मापं साध्या आलेखावर काढली तर सुरुवातीला घाबरायला होतं आणि दोन-तीन महिन्यांनी 'थांबलं बुवा' असं वाटायला लागतं. दोन्ही वेळा फसगत.

मात्र यात एक मोठा 'जर' आहे, आणि तो तुम्ही लिहिलेला नाही: खोलीचं तापमान. वरचा सगळा हिशोब खोली आजवर होती तशीच राहील असं धरून आहे. या आठ महिन्यांत कडक उन्हाळा येऊन गेला असेल तर ठीक. यायचा असेल आणि छत पत्र्याचं असेल, तर मापं रेषेच्या वर जातील. पॉलीप्रॉपिलीनला २३ अंशांना जे व्हायला वर्षं लागतात ते ४० अंशांना कितीतरी लवकर होतं. तापमान वाढवणं म्हणजे घड्याळ पुढे सरकवणं, असंच समजा. प्रयोगशाळेत याचाच उपयोग करतात. पन्नास वर्षं कोण थांबणार? म्हणून नमुने गरम करून काही महिन्यांत पुढच्या काळाचा अंदाज बांधतात.

शीट उलटी करण्याबद्दल. पुस्तकांच्या फळीचा हा जुना उपाय, मीही केलेला आहे. गणित करून बघितलंत तर हसू येईल. समजा आज भार उतरवला. १९ पैकी सुमारे ६ मिमी लगेच परत येतील, १३ उरतील. आता शीट उलटी टाकली, तर ती मध्ये १३ मिमी वर फुगलेली दिसेल. बाटल्या ठेवल्यावर ६ खाली, म्हणजे ७ मिमी वर. छान. पण आता दोन गोष्टी एकाच दिशेने चालू होतात. एक, नव्या भाराचा क्रीप खाली ओढतो. दोन, जुना बाक हळूहळू सुटत असतो, आणि शीट उलटी असल्यामुळे तो सुटणंही खालीच. बोल्ट्झमनचा अध्यारोपणाचा नियम (भार चढवण्या-उतरवण्याचा प्रत्येक परिणाम वेगळा काढून बेरीज करायची) तुमच्या मापांना लावला तर दीड दिवसात शीट सपाट होते, महिन्याभरात ९-१० मिमी खाली जाते, आणि आठ महिन्यांनी १७ मिमीवर येते. उलटी न करता पहिल्यांदा १९ झाली होती. एवढ्या खटाटोपाचा फायदा २ मिमी.

तोच नियम दुसरीही एक कामाची गोष्ट सांगतो. शीट काढून महिनाभर बिनभाराची ठेवली, तर १९ मिमीपैकी साधारण ५ मिमीच उरेल. धातूचा बाक असा आपोआप जात नाही. म्हणून घाईने नवी शीट मागवू नका.

तुटेल का? नुसत्या भाराने नाही तुटणार. इथे पाइपवाल्यांचे आकडे उपयोगी पडतात, कारण दाबाखालच्या प्लॅस्टिक पाइपांचा विचार पहिल्यापासून दीर्घकाळाचाच होतो. पीई १०० नावाचा पॉलिथिलीनचा पाइप घ्या. त्या १०० चा अर्थ असा, की २० अंशांवर सतत ५० वर्षं १० मेगापास्कल सोसण्याची हमी. त्याच मालाचं थोड्या वेळाच्या चाचणीतलं यील्ड २३-२५ निघतं. म्हणजे पन्नास वर्षांची ताकद मिनिटभराच्या ताकदीच्या निम्म्याहून कमी. पाइपाच्या दर्जाचं पॉलीप्रॉपिलीनही याच घरात बसतं. तुमच्याकडे १.१ मेगापास्कल आहे, आणि बाहेरच्या थरातली स्ट्रेन आज ०.३ टक्क्यांच्या आत. तुटण्यापासून तुम्ही लांब आहात, २७ पट नसलात तरी पुरेसे लांब. ताकद पन्नास वर्षांत निम्म्याच्या थोडी खाली येते, पण कडकपणा सहा-सात वर्षांतच पाचव्या भागावर येतो. तुमचा प्रश्न ताकदीचा नव्हताच, कडकपणाचा होता. म्हणून त्या २७ चा काही उपयोग झाला नाही.

एक अपवाद मात्र. बाटल्यांमध्ये तीव्र नायट्रिक किंवा क्रोमिक आम्ल असेल आणि ते शीटवर सांडत असेल, तर माझं वरचं आश्वासन परत घेतो. अशी ऑक्सिडीकारक आम्लं पॉलीप्रॉपिलीनला खातात, आणि ताणाखाली असलेल्या बाजूला बारीक भेगा पडतात. शीटच्या खालच्या बाजूने हात फिरवा आणि टॉर्च तिरपी धरून बघा, विशेषतः छिद्रांभोवती. पांढरट रेषा दिसल्या तर भार उतरवा आणि मग बाकीचं वाचा.

आता तुमच्या त्या तासाभराच्या चाचणीबद्दल थोडं कडक बोलतो, कारण हा गैरसमज शेल्फपुरता राहत नाही. दुप्पट वजन तासभर सोसलं याचा अर्थ दुप्पट वजन तासभर सोसलं, एवढाच. १० जुलै २००६ रोजी बोस्टनमध्ये बोगद्याच्या छताला टांगलेल्या काँक्रीटच्या लाद्या खालून जाणाऱ्या गाडीवर कोसळल्या आणि गाडीतल्या एका बाईंचा जीव गेला. लाद्या ज्या बोल्टांना टांगल्या होत्या ते छतात भोकं पाडून इपॉक्सीने चिकटवलेले होते. बसवल्यावर ओढून चाचणी झाली होती, त्यात ते टिकले होते. पण वापरलेली इपॉक्सी लवकर घट्ट होणाऱ्या प्रकारची होती, आणि सततच्या ओढीखाली ती हळूहळू सरकत होती. काही बोल्ट बाहेर येऊ लागलेत हे १९९९ मध्येच दिसलं होतं. चौकशीत अपघाताचं मूळ इपॉक्सीच्या क्रीपशी जाऊन पोचलं. ओढ-चाचणीत बोल्ट नीट बसलाय की नाही हे कळतं. वर्षानुवर्षं टांगलेला राहील का, हा प्रश्न त्या चाचणीला कुणी विचारलेलाच नसतो. डोक्यावर टांगायची वस्तू नुसत्या चिकटवलेल्या बोल्टांवर मी आजही सोडत नाही.

सहकाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. धातूलाही क्रीप असतो, फक्त कुठला धातू किती गरम आहे यावर सगळं अवलंबून. ढोबळ ठोकताळा असा, की वितळबिंदू केल्विनमध्ये घ्यायचा, आणि तापमान त्याच्या ०.४ पटीजवळ गेलं की क्रीपचा विचार सुरू करायचा. लोखंड १८११ केल्विनला वितळतं, त्याचे चार दशांश म्हणजे सुमारे ४५० अंश सेल्सिअस. तुमचा रॅक तिथे कधीच पोचणार नाही. साध्या स्टीलसाठी खबरदारी म्हणून ३५०-४०० पासूनच लक्ष ठेवतात, तरी तेही फार दूर. ॲल्युमिनियमला हा उंबरठा १०० अंशांजवळ येतो. शिसं मात्र ६०० केल्विनला वितळतं, म्हणजे खोलीत नुसतं पडलेलं शिसंही स्वतःच्या वितळबिंदूच्या निम्म्यावर असतं. म्हणून शिशाचे जुने पाइप टेकूंमध्ये स्वतःच्या वजनाने लोंबतात. भौतिकशास्त्रज्ञ अँड्राड यांनी १९१० मध्ये धातूंच्या क्रीपवर जे मूळ प्रयोग केले त्यात शिशाच्या तारा होत्या, शिशाला भट्टीशिवाय काम भागतं. तार लांबली की बारीक होते आणि स्ट्रेस वाढतो. तो स्थिर राहावा म्हणून त्यांनी लटकवलेलं वजन खास आकाराचं केलं आणि ते पाण्यात बुडत जाईल अशी सोय केली. तार जितकी लांबेल तितका भार आपोआप हलका. फार आवडते मला ही युक्ती.

धातूचा क्रीप किती हट्टी असतो ते बॉयलरवाल्यांना विचारा. सुपरहीटरची (वाफ आणखी तापवणारी) नळी ५४० अंशांवर १ लाख तास टिकेल अशी काढली आहे समजा. तापमान आणि आयुष्य यांची सांगड घालणारं लार्सन-मिलरचं सूत्र घ्या: केल्विनमधलं तापमान गुणिले (स्थिरांक अधिक तासांचा लॉग). स्थिरांक नेहमीचा २०, १ लाखाचा लॉग ५, बेरीज २५. ८१३ केल्विन गुणिले २५, म्हणजे २०,३२५. आता नळी फक्त १० अंश जास्त गरम चालली, ८२३ केल्विन. २०,३२५ भागिले ८२३, वजा २०, तासांचा लॉग येतो ४.७. म्हणजे आयुष्य उरलं ५० हजार तास. दहा अंशांत निम्मं आयुष्य! आणि आत क्षाराचा थर बसला तर दहा अंश कधी चढतात ते कळतही नाही. शटडाउनमध्ये आम्ही नळ्यांचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजायचो आणि मागच्या नोंदीशी ताडून बघायचो. फुगलेली नळी बोटाला आधी कळते, डोळ्याला नंतर. क्रीपचा शेवटचा टप्पा, ज्यात धातूच्या कणांच्या सीमांवर पोकळ्या पडून वेग पुन्हा वाढायला लागतो, तो गाठायच्या आत नळी बदलायची असते.

काँक्रीट आणि लाकूडही यातून सुटलेले नाहीत, पण त्यांची कारणं वेगळी आहेत आणि तुमच्या रॅकशी संबंध नाही, म्हणून एवढंच सांगतो: काँक्रीटवर भार कोणत्या वयात आला यावर त्याचा क्रीप ठरतो, लाकडाचा क्रीप ओलाव्यावर. लवकर सेंटरिंग काढलेला स्लॅब पुढे जास्त झोळ खातो तो त्यामुळे.

आता करायचं काय. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मधोमध एक टेकू. पसरलेल्या भाराखाली झोळ अंतराच्या चौथ्या घाताने बदलतो. अंतर निम्मं केलं की झोळ सोळाव्या हिश्शावर. साडेसहा वर्षांनंतरचे ते २६ मिमी मग दीड-दोन मिमीवर येतात, आणि शीट टेकूवरून अखंड जात असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. आधी भार उतरवा, शीटला महिनाभर विश्रांती द्या, मग टेकू द्या. १९ मिमी वाकलेल्या शीटला जॅकने वर ढकलून टेकू घुसवू नका. त्यातून उलटा स्ट्रेस नाहक मागे लागतो.

टेकूला जागाच नसेल तर शीटखाली उभ्या पट्ट्या वेल्ड करा. खोली वाढली की कडकपणा घनाच्या हिशोबाने वाढतो, त्यामुळे ५०-६० मिमीच्या दोन पट्ट्यासुद्धा बराच फरक पाडतात. मात्र हॉट एअर वेल्डची दीर्घकाळची ताकद शीटपेक्षा कमी धरावी लागते, म्हणून पट्टी अखंड लांबीची घ्या, तुकडे जोडून नको. तिसरा मार्ग, इपॉक्सी कोटिंगचा स्टील अँगल खालून द्यायचा आणि शीट नुसती ट्रेसारखी वर ठेवायची. भार स्टीलकडे, आम्ल प्लॅस्टिककडे. मला स्वतःला हाच जास्त पटतो. फक्त कोटिंग कापलेल्या कडांना आणि छिद्रांत नीट गेलंय ना, ते बघून घ्या.

शीट बोल्टने आवळणार असाल तर रुंद वॉशर वापरा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा. प्लॅस्टिक बोल्टाच्या डोक्याखाली दबत जातं आणि बोल्टाची पकड सुटते. क्रीपचंच हे दुसरं रूप: इथे आकार बांधलेला असतो आणि स्ट्रेस गळत जातो. टेफ्लॉनचं गॅस्केट (गळती रोखणारी चकती) घातलेली फ्लँज (पाइपांचा बोल्टने आवळायचा जोड) संध्याकाळी टॉर्क रेंचने नेमकी आवळून मी घरी गेलो आहे, आणि सकाळी तेच नट हाताने फिरले आहेत.

पुढच्या वेळी डिझाइन करताना पुरवठादाराकडून क्रीप मॉड्युलस (ठरावीक काळ भाराखाली राहिल्यावरचा कडकपणा) मागा, तुमच्या तापमानाचा आणि तुमच्या मुदतीचा. बऱ्याच डेटाशीटमध्ये १००० तासांचा आकडा असतो, तो बघा. काहीच मिळालं नाही तर साध्या, काच न मिसळलेल्या पॉलीप्रॉपिलीनसाठी मी छापील मॉड्युलसचा पाचवा भाग धरतो. तुमची शीटही साडेसहा वर्षांत साधारण तिथेच पोचते. मात्र हा ठोकताळा साधारण तापमानापुरता, गरम जागी तो वापरू नका. काच मिसळलेला माल घेतलात तर खूपच बरं, पण त्याचे आकडे वेगळे काढावे लागतील.

टेकू देईपर्यंत मापं घेत राहा. दोन टोकांना दोरी ताणून मधलं अंतर पट्टीने मोजा, आणि मार्करने शीटच्या कडेवरच तारीख, माप आणि खोलीचं तापमान लिहा. वर्ष पूर्ण होताना २० मिमीच्या आसपास आणि दोन वर्षांनी २२ च्या आसपास दिसलं तर सगळं रेषेवर आहे. वर्षालाच २३-२४ दिसलं तर आधी तापमानाचा आकडा बघा, मग टॉर्च घेऊन शीटच्या खाली.